पाहुण्यांचा नाका

वेशीवर आलेल्या परक्या माणसाशी गाव कसे वागते, यावरून त्या गावाची खरी परीक्षा होते. घरच्यांशी कोणीही गोड बोलतो. शेजाऱ्याला दुखवताना उद्याचे भय असते. परंतु ज्याची भाषा निराळी, ज्याचा येथे कोणी सोयरा नाही आणि जो या वाटेने पुन्हा येईलच असे नाही, त्याच्याशी न्यायाने वागण्यास भय उपयोगी पडत नाही; तेथे शीलच लागते. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्यापाशी वाहने तपासण्यासाठी जो नाका मांडला होता, तेथील शील केव्हाच आटून गेले होते. उरला होता तो केवळ गाळ. त्या गाळाची दुर्गंधी ज्याला रोज येत असे आणि जो रोज नाक मुठीत धरून तेथे उभा राहत असे, अशा एका साध्या मनुष्याची ही हकीकत आहे. त्याचे नाव कमळू.

कमळू होमगार्ड होता. वय चोपन्न. जन्म सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर झालेला. बालपणी भाताच्या खाचरात माचाणावर बसून पोपट आणि रानडुकरे हाकता हाकता त्याची दृष्टी इतकी तीक्ष्ण झाली होती, की वळणावरून येणाऱ्या गाडीची पाटी तो इतरांच्या कितीतरी आधी वाचीत असे. वाचीत असे म्हणणे तरी बरोबर नाही. चौथीपर्यंतच्या शिक्षणात इंग्रजी अक्षरे त्याच्या वाट्याला आली नव्हती. त्याने ती चित्रांसारखी लक्षात ठेवली होती. गुजरातची गाडी म्हणजे विळा आणि गळ. कर्नाटकाची म्हणजे बेचकी आणि खोपट. नाक्याच्या दोनशे पावले अलीकडे, एका पळसाखाली त्याची जागा होती. आपल्या राज्याची पाटी दिसली की तो स्वस्थ उभा राही, कारण ती गाडी कोणाच्या तरी भाच्याची असे आणि भाच्याला मामा असतो. परराज्याची पाटी दिसली की शिट्टी फुंकून हात वर करावयाचा, एवढेच त्याचे काम.

अशा गाडीला नाक्यावर ‘पाहुणा’ म्हणत. हा शब्द हवालदार रवींद्र यांनी रूढ केला होता. “कमळ्या, आज पाहुणे कमी आलेत,” असे ते म्हणत आणि स्वतःच हसत. ज्या शब्दासाठी कमळूच्या पाड्यावर घरातला एकुलता एक कोंबडा कापला जाई, तो शब्द त्या खुर्चीतून आला की त्याला थुंकी लागल्यासारखी वाटे. तरीही तो हात वर करीत असे. घरी हिराबाई होती, दोन लेकरे होती, आणि ड्युटी लागली तरच दिवस पदरात पडे.

चैत्र संपत आला होता. सकाळचे साडेसात झाले असतील. वळणावर एक ट्रक दिसला. वर हिरवी जाळी बांधलेली, वेग बेताचा. विळा आणि गळ. कमळूने शिट्टी फुंकली, हात वर केला, आणि ट्रक आज्ञाधारकपणे त्याच्यापाशी येऊन थांबला. इंजिनाची घरघर मंदावताच त्या जाळीआडून दुसराच एक नाद कमळूच्या कानी आला. खोल, दाट, अखंड. तो नाद त्याने लहानपणी कड्यांच्या पोटात ऐकला होता. आपण काय थांबवले आहे हे त्याला त्या क्षणीच कळले. पण तोपर्यंत हवालदारांनी खुर्चीतून बोट हलवून गाडी कडेला घेण्याची खूण केली होती.

चालकाचे नाव सोनजी. धरमपूरकडचा, पस्तिशीचा, सडपातळ माणूस. ट्रकमध्ये मधमाश्यांच्या एकशे साठ पेट्या होत्या. चार हिवाळे तो ओतूरच्या शेतकऱ्यांकडे कांद्याच्या बियाण्यावर पेट्या ठेवीत आला होता, त्यामुळे त्याची मराठीही तिकडचीच झाली होती. आता गुजरातेत उन्हाळी तिळाला फुलोरा आला होता आणि पेट्या तिकडे निघाल्या होत्या. दिवस मावळताच पेट्यांची दारे बंद करावयाची, रात्रीच्या गारव्यात वाट कापावयाची आणि ऊन चढण्यापूर्वी मुक्कामी पोचून दारे उघडावयाची, असा या व्यवसायाचा नेम. परंतु माळशेजच्या घाटात एक लांबलचक गाडी आडवी झाली आणि सोनजीचे चार तास तेथेच गेले. घाटाखालच्या वैशाखरे गावी त्याला उजाडले.

“गाडी गुजरातची आणि बोलतोस घाटावरचं,” हवालदार म्हणाले. “म्हणजे डबल घोटाळा.”

सोनजीने परवाना, विमा, धुराचा दाखला असे सर्व कागद पुढे ठेवले. सर्व बिनचूक होते. बिनचूक कागद पाहिले की हवालदारांच्या कपाळावर आठी पडे. मग त्यांनी माश्या परराज्यात नेण्याचा दाखला मागितला. असा कुठला दाखला सोनजीला ठाऊक नव्हता, बहुधा हवालदारांनाही नव्हता. सोनजीने आपल्या मधपाळांच्या सहकारी संस्थेचे पत्र दाखवले; ते गुजराती लिपीत होते, म्हणून ते टेबलावरून खाली सरकवण्यात आले. दंड करावयाचा तर यंत्रात नोंद करून पावती फाडता आली असती. पण यंत्र हवालदारांच्या पिशवीत झोपलेले असे. त्यांचे शस्त्र वेगळे होते. ते काही मागत नसत, काही लिहीत नसत, आवाजही चढवीत नसत. ते माणसाला नुसते उभे करून ठेवीत.

“बस तिकडं. मोठे साहेब येतील, ते बघतील.”

मोठे साहेब येणार नव्हते. ते कधीच येत नसत. सोनजीला हे तासाभरात उमगले आणि त्याने खिशात होते नव्हते ते पुढे केले. हवालदारांनी ते खणात टाकले, आणि गाडी मात्र सोडली नाही; जो इतक्या लवकर देतो त्याच्यापाशी आणखी असते, असा त्यांचा अनुभव होता. मग सोनजीने सीटखालून मधाची बाटली काढून दिली. हवालदारांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, झाकण उघडले, बोट आत घालून चाटले, आणि सोनजीच्या कागदांवर वजन म्हणून ठेवून दिली.

फाट्यावर सकुबाईचे चहाचे दुकान होते. तिची शेती पिढ्यान्पिढ्या त्याच शिवारात. नवरा गेल्यावर तिने रस्त्याकडेला चूल मांडली होती. तिच्या जिभेला हवालदारसुद्धा जपून असत, कारण चहा तिच्याच हातचा प्यावा लागे.

“सायेब,” ती चहा ठेवताना म्हणाली, “पाहुन्याला पाट द्या, पानी द्या. का उन्हातच लग्न लावताय त्याचा?”

हवालदार हसले आणि चहा प्याले.

नऊ वाजले. रस्त्यावरून धग निघू लागली. सोनजी ट्रकभोवती फेऱ्या मारीत होता. जाळीला कान लावी, पुढे जाई, पुन्हा कान लावी. पेटीच्या आत काय होत असते हे कमळूला कोणी सांगावयास नको होते. दार बंद असले आणि ऊन चढले की माश्या वाऱ्यासाठी जाळीकडे धावतात, आणि त्यांच्याच अंगांनी वाऱ्याची वाट बुजते. मग मेण मऊ होते. मग पोळी खचतात.

तो जागा सोडून नाक्यावर आला आणि ट्रक जाऊ द्यावा, ऊन वर आले की ही जितराबे आतल्या आत शिजतील, असे त्याने हात जोडून सांगितले.

“तुझ्या सोयऱ्या लागतात काय रे?” हवालदारांनी विचारले.

“आमी रानातली मानसं, सायेब. मोहोळ काढतो तवा अंड्यांची कांडी झाडालाच ठेवतो. सगळा कोन घेत नाय.”

“मग रानातच ऱ्हायचं होतंस. जा जागेवर. सकाळपास्नं एकच पाहुणा झालाय.”

कमळू परत फिरला. पळसाखाली उभा राहिल्यावर त्याला आपला चुलता आठवला. कमळू सहा-सात वर्षांचा असताना या चुलत्याने उतावीळपणे एक मोहोळ अंड्यांसकट जाळले होते. त्याला कोणी शिक्षा केली नाही, कोणी शब्दही बोलले नाही. परंतु त्या वर्षी पाड्यावर जितकी जेवणे झाली त्या सर्वांत तो आपण होऊन पंगतीबाहेर बसला, सगळ्यांकडे पाठ करून. पानावर वाकलेली ती पाठ कमळूने पाहिली होती. एका मोहोळाचे जर वर्ष, तर एकशे साठांचे काय, हा हिशेब त्याच्या डोक्यात शिरला आणि निघेना. हवालदार पापी होते, हे खरेच. पण शिट्टी त्याच्या तोंडात होती. आपल्याच हाताची त्याला अशी किळस आली की तो हात त्याने पाठीमागे धरला.

एक गाडी गेली; बेचकी आणि खोपट. कमळूने हात वर केला नाही. आणखी एक गेली. तोवर तो सकुबाईच्या पिंपातून बादल्या भरू लागला होता. त्याने आणि सोनजीने मिळून दुकानातली गोणपाटे भिजवली, पेट्यांवर टाकली, पुन्हा भिजवली. सकुबाई पिंपापाशी उभी राहून, पाणी तिचे विकतचे आहे आणि कमळूच्या सासऱ्याने विहीर खणून दिलेली नाही, असे मोठ्याने बोलत होती आणि बादली भरून देत होती. गोणपाट टाकले की पाच मिनिटांत त्यातून वाफ येई.

अकराच्या सुमारास ट्रकच्या फळीखालून पहिली धार सुटली. पाणी असेल असे वाटून कमळूने बोट लावले, बोट चिकटले. मध होता. तपकिरी, गरम, त्यात पंख. थेंबामागून थेंब डांबरावर पडू लागला. सोनजी ते पाहून खाली बसला. नुसता मागच्या चाकाला टेकून बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

कमळूने जाळीला कान लावला. सकाळचा तो दाट नाद आता विरळ, किनरा झाला होता. मधल्या रांगेतून तर नुसती शांतताच येत होती.

तो नाक्याकडे वळला. हवालदारांचा नाश्ता चालला होता. सकुबाईच्या दुकानातला पाव त्यांनी मधोमध चिरला होता आणि त्यावर बाटलीतला मध ओतून ते खात होते. मिशीला मध, मनगटाला मध. फटीतून निसटलेल्या दोन-चार माश्या त्या पावाभोवती घिरट्या घालीत होत्या आणि ते डाव्या हाताने त्यांना वारीत होते. कमळूने आयुष्यात मेलेली ढोरे पाहिली होती, पटकीने गेलेल्या माणसांना खांदा दिला होता. पण असे ओंगळ काही आजवर पाहिले नाही असे त्याला वाटले.

त्याने टेबलावरची बाटली उचलून बाजूला ठेवली आणि खालचे कागद घेतले. ते एकमेकांना चिकटले होते.

“ठेव ते,” हवालदार तोंडातला घास न गिळता म्हणाले.

“नाय ठेवत.”

एवढे दोन शब्द उच्चारायला त्याला होमगार्डीतली बावीस वर्षे लागली होती. ते उच्चारल्यावर पुढचे आपोआप आले.

“मी हात केला म्हनून तो थांबला, सायेब. तुमी नव्हता बोलावला. माझा पाहुना हाय तो. मी नेतो.”

हवालदार उठले. उद्या ड्युटीवर येऊन दाखव, असे म्हणाले. पाड्यावर माणसे पाठवीन म्हणाले. आणखीही पुष्कळ म्हणाले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. कमळूने गळ्यातली शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि टेबलावर ठेवली. मग जाऊन रस्त्यातला लोखंडी अडथळा त्याने एकट्याने ओढून बाजूला केला. गाडी पुन्हा अडवावी, असे हवालदारांच्या मनात आले असावे. पण अडवायची कशाच्या आधारावर? यंत्रात नोंद नव्हती, पावती नव्हती, गुन्हा नव्हता. चार तास ज्या गाडीला त्यांनी धरून ठेवले होते, ती कागदोपत्री येथे आलीच नव्हती. ज्या शून्यावर त्यांची सगळी सत्ता उभी होती, त्या शून्यात आता त्यांचाच पाय गेला. शिवाय मनगटावर एक माशी बसली होती आणि तिकडे लक्ष देणे भाग होते.

भर उन्हात गुजरातची वाट धरणे आता शक्य नव्हते आणि रस्त्यावर पेट्या उघडणे धोक्याचे होते. तेव्हा सकुबाईने चुलीवर पाणी ओतले.

“माझ्या वाडीत चला. हिरीला पानी हाय, आंब्याची सावली हाय.”

“आणि चहा?” हवालदारांनी मनगट चोळत विचारले.

“दूध नासला, सायेब,” ती म्हणाली, आणि लुगडे सावरून ट्रकमध्ये चढली.

वाडी मैलभरावर होती. जुन्या आंब्यांच्या गर्द सावलीत ट्रक उभा राहिला. सोनजीने चेहऱ्यावर जाळी बांधली आणि वरूनच एकेका पेटीचे दार उघडीत गेला. कमळूने जाळी मागितली नाही. तो पाण्याने भरलेल्या परातींत काटक्या टाकीत होता, माश्यांना बसून पिता यावे म्हणून. काही पेट्यांतून माश्या लोंढ्यासारख्या बाहेर आल्या आणि पेटीच्या अंगावर दाढीसारख्या लोंबू लागल्या. काहींतून चार-दोन आल्या, ओल्या, पंख चिकटलेल्या, आणि फळीवर चालत राहिल्या. काहींतून कोणीच आले नाही.

अशा बासष्ट पेट्या निघाल्या. सोनजीने त्यांतली एक उघडली. आत पोळी कोसळून एकावर एक पडली होती आणि मध, मेण, माश्या यांचा एकच लगदा झाला होता. त्याने झाकण परत लावले. विहिरीवर जाऊन हात धुतले, परत आला, पुन्हा जाऊन धुतले. उरलेल्या एकसष्ट त्याने उघडल्या नाहीत.

सकुबाईने भाकरी आणि लसणीची चटणी आणली. सोनजी जेवायला बसला. कमळू थोडा दूर, पाठमोरा बसला. सकुबाईने बोलावले तरी हलला नाही. मग मान न वळवता तो म्हणाला, “हात मी केला व्हता. तुला ठावा असावा म्हनून सांगतो.”

सोनजी भाकरीचा तुकडा हातात धरून थांबला.

“पायला की मी,” तो म्हणाला. “शिट्टी काय ऐकू आली न्हाय इंजिनात. म्हातारा मानूस हात करतोय, म्हनलं उन्हाचं कुठं जायचं आसंल. बसवून घ्यावं, म्हनून थांबलो.”

कमळूचे खांदे थोडे खाली आले, एवढेच. सकुबाई उठली, भाकरी घेऊन त्याच्यासमोर गेली आणि त्याच्या पुढ्यातच बसून राहिली. आता कोणीकडेही पाठ करायला त्याला जागा उरली नाही. तेव्हा त्याने भाकरी घेतली.

उन्हे कलू लागली. अर्धमेल्या पेट्यांतल्या ज्या थोड्या माश्या जगल्या होत्या, त्या आता सैरभैर होऊन दुसऱ्या पेट्यांच्या दारांशी येत होत्या. तिघेही ते पाहत उभे राहिले. प्रत्येक दारावर राखण करणाऱ्या माश्या होत्या. परकी माशी आली की त्या पुढे होत आणि तिला हुंगत.

“त्यांचा पन नाका असतो काय रे?” सकुबाईने विचारले.

“आसतो की. परक्या घरची माशी आत घेत न्हाईत. पायाला पराग भरून आली, काय घिऊन आली, तरच घेत्यात.”

“म्हंजे तिथंबी तसाच,” कमळू म्हणाला. नाकातून हसल्यासारखा आवाज त्याने काढला.

सोनजीने मान हलवली आणि बोटाने एक दार दाखवले. पंख चिकटलेली एक माशी रिकाम्या पायांनी फळी चढून दारापाशी आली होती. राखणीच्या दोघी पुढे झाल्या. त्यांनी तिला हुंगले, तिच्या पंखांवरचा मध जिभेने टिपला, आणि बाजूला झाल्या. ती आत गेली. तिच्यामागून दुसरी आली. तिलाही कोणी अडवले नाही.

“आज न्हाय,” सोनजी म्हणाला. “आज जी यील तिला घेत्यात.”

दिवस मावळेपर्यंत ती रीघ चालू होती. कमळू दाराशेजारी उकिडवा बसून एकेक माशी आत जाताना पाहत होता, आणि सोनजीने दारे बंद करावयास हात पुढे केला तेव्हा म्हणाला, “थांब जरा. अजून एक येतेय.”

सोनजीच्या उरलेल्या पेट्यांना तिळाची फुले भरभरून लाभोत. सकुबाईच्या विहिरीचे पाणी न आटो. कमळूला ज्या घरी जेवायला बोलावतील तेथे पंगतीत मधोमध पान मिळो. आणि नाक्यावर बसलेल्या त्या मनुष्यालाही, परक्या मुलखात भर उन्हात उभे राहण्याची वेळ कधी आलीच, तर कोणीतरी पाणी विचारो.